पुराच्या पाण्याचे वजन : पानशेत, गाळ आणि उथळ प्रवाहांचे गणित

#धागा

पुण्याच्या पेठांमध्ये कालगणनेचे दोन भाग आहेत, पुराच्या आधीचा आणि पुराच्या नंतरचा. ‘पूर’ म्हटले की कोणता, हे विचारावे लागत नाही. १२ जुलै १९६१. पानशेत.

या पुरावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. धरण का फुटले, जबाबदार कोण, इशारा वेळेवर का पोहोचला नाही, मृतांचा खरा आकडा किती, या प्रश्नांवर आजही वाद झडतात. आजच्या धाग्यात मात्र मला एका वेगळ्या आणि काहीशा आडबाजूच्या प्रश्नाकडे जायचे आहे. त्या दिवशी लकडी पुलावरून सदाशिव पेठेच्या कडेला जे धडकले, ते नेमके काय होते? ‘पाणी’ हे उत्तर अपुरे आहे. घराघरांतून मागाहून जो उपसावा लागला तो चिखल होता. चिखल मिसळलेले पाणी कसे वाहते, याचे गणित मांडायला माणसाला फार वेळ लागला. तो वेळ का लागला, याचा इतिहास आज पाहू.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, गणिताचा नव्हे. त्यामुळे समीकरणे चिन्हांत न लिहिता शब्दांतच सांगतो.

---

आधी घटना थोडक्यात.

पानशेतचे धरण आंबी नदीवर. आंबी मुठेला मिळते आणि मुठा खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणातून पुण्याकडे येते. पानशेतचा बांध मातीचा, पन्नास मीटरांहून उंच. काम पुरते झालेले नसताना त्याच पावसाळ्यात पाणी अडवले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीची दारे अपुरी राहिली होती. मोरीवरचा बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो सावरून धरला. ही झुंज अखेर हरली, पण तिने काही मोलाचे तास मिळवून दिले. पूर रात्री न येता दिवसाउजेडी आला आणि असंख्य जीव वाचले.

सकाळी सातच्या सुमारास बांध गेला. मग खडकवासल्याच्या धरणावरून पाणी वाहू लागले, आणि १८७९-८० च्या सुमारास पुरे झालेले तेही धरण फुटले. दुपारपर्यंत शहरात हाहाकार झाला होता. पूल पाण्याखाली गेले. नारायण पेठ, शनिवार पेठ, डेक्कन जिमखाना आणि सदाशिव पेठेचा नदीकडचा भाग पाण्यात होता.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. यशवंतराव चव्हाणांनी पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवले. गोखलेनगरात पूरग्रस्तांसाठी निसेन हट उभ्या राहिल्या. चौकशी आधी न्यायमूर्ती बावडेकरांकडे होती आणि त्यांच्या मृत्यूनंतर ती न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आली. त्या चौकशीपुढचा मुख्य प्रश्न ‘धरण का फुटले’ हा होता. फुटल्यानंतर पाणी कसे धावले, हा त्याहून निराळा प्रश्न आहे, आणि त्याची कुळकथा पुण्यापासून फार दूर सुरू होते.

---

वर्ष १८७१. फ्रान्समधील अभियंता बारे द सँ-व्हेनाँ. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी, १८१४ साली, नेपोलियनच्या बाजूने पॅरिसच्या रक्षणासाठी तोफा ओढायला त्याने नकार दिला होता. त्यापायी त्याच्यावर पळपुटेपणाचा शिक्का बसला आणि शिक्षण तुटले. या माणसाने उतारवयात नदीच्या भरतीचे नि पुराचे गणित मांडले. आज जगभर पुराचे जे नकाशे तयार होतात, त्यांच्या तळाशी त्याचीच दोन विधाने आहेत.

पहिले विधान जमाखर्चाचे. नदीच्या एखाद्या टप्प्यात जितके पाणी आले आणि जितके गेले, त्यांतील फरकाइतके तिथले पाणी चढते वा उतरते. वाणसामानाची वही लिहिणाऱ्या कोणालाही हे पटेल.

दुसरे विधान बळांचे. पाण्याचा वेग बदलतो तो कशामुळे? एक, उंच पाण्याचा सखल पाण्यावर पडणारा दाब. दोन, तळाचा उतार. तीन, तळाचे आणि काठांचे घर्षण.

या समीकरणांना ‘उथळ जलाची समीकरणे’ म्हणतात. इथे वाचक हमखास अडखळतो, कारण लकडी पूल बुडवणारे पाणी उथळ कसे? गणितातील ‘उथळ’ हा शब्द तुलनेचा आहे. पाणी दहा मीटर खोल असेल, पण त्याची लाट कित्येक किलोमीटर लांब आहे. लांबीच्या मानाने खोली नगण्य असेल तर ते पाणी उथळ. या अर्थी त्सुनामी उठते तेव्हा महासागरही उथळच असतो. असे मानल्याचा फायदा मोठा आहे. पाण्याच्या उभ्या थराथरांत काय चालले आहे ते सोडून देता येते आणि प्रत्येक ठिकाणी फक्त खोली नि सरासरी वेग या दोन आकड्यांवर काम भागते.

आता यातील मेख पाहा. दाबाचे बळ पाण्याच्या घनतेच्या प्रमाणात वाढते. जड पाणी जोराने ढकलते. पण जड पाण्याला हलवायलाही तितकाच जास्त जोर लागतो. म्हणजे घनता समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येते आणि छेदली जाते. जड नि हलका दगड एकाच वेगाने का पडतात, याचे जे कारण तेच इथेही. उथळ पाण्यावरील लाटेचा वेग काढायचा तर खोलीला गुरुत्वप्रवेगाने गुणा आणि वर्गमूळ घ्या. दहा मीटर खोलीला हा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर येतो. या सूत्रात घनता कुठेच नाही.

गणिताच्या दृष्टीने हे सुंदर आहे. माझ्या मते मात्र याच सौंदर्याने चिखल दृष्टीआड केला. घनता छेदली जाते ती सगळीकडे सारखी असेल तरच. ही अट इतकी सहज गृहीत धरली गेली की ती अट आहे हेच विसरायला झाले.

---

धरणफुटीचे पहिले गणित १८९२ चे. जर्मनीतील रिटर याने एक कोरी कल्पना केली. सपाट, गुळगुळीत, कोरडे पात्र, आणि त्यात पाणी अडवणारी भिंत एका क्षणात नाहीशी झाली. उत्तर असे निघाले की पाण्याचे टोक लाटेच्या वेगाच्या दुपटीने पुढे धावते.

हे पानशेतला लावून पाहू. खोली ५० मीटर धरली तर टोकाचा वेग ताशी जवळजवळ १६० किलोमीटर येतो. या हिशोबाने पूर पाव तासात पुण्यात पोहोचायला हवा होता. प्रत्यक्षात सुमारे चाळीस किलोमीटरच्या वाटेला पाच तासांच्या आसपास लागले. म्हणजे ताशी आठेक किलोमीटर, झपझप चालणाऱ्या माणसाहून थोडे जास्त.

इतका फरक कशाने पडला? बांध क्षणात नाहीसा झाला नव्हता, तो खचत, झिजत गेला. दरी वळणावळणाची. काठांवर झाडे, शेते, गावे. वाटेत खडकवासल्याचा तलाव, त्याने काही काळ पूर पोटात घेतला आणि मग स्वतःच फुटून दुसरा पूर जन्माला घातला. घर्षणाचा हिशोब धरणफुटीच्या गणितात नीट बसवायला ड्रेसलर (१९५२) आणि व्हिटहॅम (१९५५) यावे लागले. म्हणजे पानशेतच्या जेमतेम दशकभर आधी. संगणकाचे म्हणाल तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हे यंत्र १९६० मध्ये सुरू झाले होते. पण धरण खचू लागल्यावर एका रात्रीत ‘पाणी अमुक वाजता शनिवारवाड्यापाशी येईल’ असे सांगणारी कोणतीही व्यवस्था तेव्हा नव्हती. आजच्या अपेक्षा १९६१ वर लादणे अन्यायाचे ठरेल. गणित नसले तरी माणूस सायकलवरून ओरडत जाऊ शकत होता, हा पुणेकरांचा आक्षेप मात्र त्याने खोडला जात नाही.

---

आता चिखलाकडे.

मराठीला पाण्याची घनता फार पूर्वीपासून ठाऊक आहे. निवळशंख, गढूळ, मचूळ, निमखारे असे शब्द आपल्याकडे आहेत. भांड्याच्या बुडाशी बसतो तो साका. तुरटी फिरवून पाणी निवळू देणारी प्रत्येक आजी मिश्रणाची घनता बदलत होती.

सदाशिव पेठेतच याचे एक थोर उदाहरण आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात आणले. ते शनिवारवाड्यात आणि पेठांतल्या हौदांत येई, त्यांत सदाशिव पेठेचा हौदही होता. कात्रजला तलाव एक नव्हे, दोन आहेत, एकाखाली एक. वरच्यात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खाली यावे, ही त्यामागची योजना. नळाच्या वाटेवरही ठिकठिकाणी उच्छ्वास आहेत. पाण्याचा वेग मोडला की गाळ तळाला बसतो, हे तत्त्व त्या कारागिरांच्या हातात होते. गाळाचा कण किती वेगाने खाली बसतो याचे सूत्र स्टोक्सने १८५१ साली दिले, त्याच्या शंभर वर्षे आधी.

सूत्राचा अभिमान वाटून घ्यावा म्हणून हे सांगत नाही. ‘आमच्याकडे आधीच होते’ ही ओळ मला इतिहासलेखनात नकोशी वाटते. कात्रजच्या कारागिरांना संथ पाण्यातला गाळ कळत होता. धावत्या पाण्यातला गाळ हा निराळा प्रकार आहे, आणि तो युरोपालाही कळत नव्हता.

---

युरोपात एका माणसाला मात्र धागा सापडला होता. १६८१ साली लुइजी मार्सिल्यी या इटालियनाने बॉस्फरसच्या सामुद्रधुनीवर एक ग्रंथ छापला. त्या सामुद्रधुनीत वरचे पाणी एका दिशेने वाहते आणि खालचे उलट दिशेने, असे कोळी सांगत. मार्सिल्यीने एक पेटी घेतली आणि मधोमध पडदा घातला. एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला त्याहून हलके. दोन्हीकडची पातळी सारखी. पडद्याला वर एक भोक आणि खाली एक. भोके उघडताच जड पाणी खालच्या भोकातून हलक्याकडे निघाले आणि हलके पाणी वरच्या भोकातून उलटे आले.

पातळी सारखी असूनही प्रवाह! उंच-सखलाचा फरक नाही, उतार नाही, तरी पाणी हलते, कारण त्याच्या वजनात फरक आहे. सँ-व्हेनाँच्या तीन बळांच्या यादीत हे चौथे बळ नव्हते.

कोकणातल्या खाडीत हे रोज घडते. भरतीला समुद्राचे पाणी नदीच्या गोड्या पाण्याखाली पाचरीसारखे आत शिरते. समुद्राचे पाणी घनमीटरला सुमारे १०२५ किलो, गोडे १०००. फरक अडीच टक्क्यांचा. पण आठ मीटर खोल खाडीत एवढ्याशा फरकाने उत्पन्न होणारा प्रवाह सेकंदाला ०.७ मीटर, म्हणजे ताशी अडीच किलोमीटर जाऊ शकतो. ‘वर गोडे लागले तरी खाली खारे असते’ हे खाजणाच्या बंधाऱ्यावर राबणाऱ्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही.

आणि अडीच टक्के ही तर सौम्य गोष्ट झाली. मातीचा कण पाण्याच्या २.६५ पट जड असतो. पुरात आकारमानाने दहा टक्के माती मिसळली तर घनमीटरचे वजन ११६५ किलो होते, वीस टक्के मिसळली तर १३३०.

याचा अर्थ भिंतीच्या भाषेत सांगतो. तीन मीटर उंच स्वच्छ पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटर रुंदीवर सुमारे साडेचार टनांचा भार टाकते. दहा टक्के मातीच्या पाण्यात तो सव्वापाच टनांवर जातो. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती बव्हंशी मातीच्या. त्या आधी भिजल्या, मग ढासळल्या आणि ढासळून त्याच पुरात मिसळल्या. घरे पुराने पाडली इतकेच नव्हे, पडलेली घरे स्वतः पुराचा भाग झाली. ही गोष्ट सुचल्यापासून मला त्या दिवसाचे फोटो पूर्वीसारखे पाहता येत नाहीत.

पानशेतच्या पुरात माती आली कुठून, याचा विचार करा. बांधच मातीचा, तो सगळा पाण्याबरोबर निघाला. दरीची कापलेली शेतजमीन आली. खडकवासल्याच्या तळाशी जवळजवळ ऐंशी वर्षांचा गाळ होता, त्यातला काही उसळून आला असणार. शेवटी शहराच्या भिंती. म्हणजे या पुराची घनता वाटेत एकसारखी राहणे शक्यच नव्हते. टोकाला एक, मध्यात दुसरी, ओसरताना तिसरी. सँ-व्हेनाँची मूक अट इथे पुरती मोडते.

---

खडकवासल्याच्या आणखी एका वास्तूचा उल्लेख इथे करायलाच हवा. केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाळा. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने सिंचनाच्या अभ्यासासाठी सुरू केलेला छोटा विभाग पुढे देशातील सर्वात मोठ्या जलशास्त्रीय प्रयोगशाळांपैकी एक झाला. क्लॉड इंग्लिस हे तिचे घडवणारे. पुण्यातील अनुभवावरून त्यांनी लिहिलेला नद्या नि कालवे यांवरचा ग्रंथ १९४९ मध्ये छापून आला, आणि १९४७ पासून ब्रिटनची स्वतःची जलसंशोधन संस्था उभारायलाही तेच गेले. वसाहतीत शिकून मायदेशी शिकवायला गेलेला हा विद्वान, म्हणजे ज्ञानाची गंगा नेहमी पश्चिमेकडूनच वाहते असे नाही.

तिथली पद्धत समीकरणांची नव्हती, प्रतिकृतींची होती. नदी शंभर पटींनी लहान करून मैदानात कोरायची, तीत पाणी सोडायचे आणि पाहायचे. शंभराव्या भागाच्या प्रतिकृतीत वेळ दहा पटींनी वेगाने धावते, म्हणून दहा तासांचा पूर एका तासात पाहून होतो.

पण गाळ लहान करता येत नाही! नदीतला दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण शंभर पटींनी लहान केला तर तो वाळू राहत नाही, चिकणमाती होतो, आणि चिकणमाती वाळूसारखी वागत नाही, ती चिकटते. म्हणून जगभरच्या अशा प्रयोगशाळांत वाळूऐवजी कोळशाची पूड, लाकडाचा भुसा असे हलके पदार्थ वापरले गेले. खाडीची प्रतिकृती असेल तर पाण्यात खरोखर मीठ कालवावे लागे. पाण्याचा आकार लहान होतो, पण वजनाचे नाते तसेच जपावे लागते. ही अडचण ज्यांनी हाताने सोसली त्यांना घनतेचे महत्त्व कागदावरच्या गणितींपेक्षा आधी कळले असेल, असे मला वाटते.

---

गणितात घनता परत आली ती संगणक स्वस्त झाल्यावर.

कल्पना अशी. सँ-व्हेनाँची दोन विधाने ठेवा, पण घनतेला छेदू नका. तिला खोली नि वेग यांच्याबरोबरचा तिसरा अज्ञात आकडा माना. मग जमाखर्चाच्या दोन वह्या होतात, एक पाण्याची आणि एक गाळाची. तळातून किती माती उचलली गेली, किती परत बसली, हे प्रत्येक क्षणी मांडायचे. बळांच्या विधानात आता चौथे बळ आपोआप उगवते. घनता जिथून जिथे कमी होत जाते, त्या दिशेने ढकल बसते, आणि ती खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मार्सिल्यीची पेटी समीकरणात शिरली.

२००४ साली काओ, पेंडर, वॉलिस आणि कार्लिंग यांनी तळ खरवडत जाणाऱ्या धरणफुटीच्या पुराचे असे गणित मांडले. माती उचलणारा पूर आणि दगडी तळावरून जाणारा पूर एकसारखे पुढे सरकत नाहीत, त्यांच्या पातळ्याही निराळ्या येतात, हे त्यात दिसते. २०१० साली लेटन, बोर्थविक आणि टेलर यांनी आडव्या दिशेने घनता बदलणाऱ्या उथळ प्रवाहांसाठी संगणकी पद्धत तपासून दाखवली.

त्यातली एक साधी गोष्ट मला फार आवडते. दोन वेगळ्या घनतेची पाणी शेजारी शेजारी उभी केली तर सरासरीच्या या गणितात ती स्थिर केव्हा राहतात? पातळ्या सारख्या असताना नव्हे, तर घनता गुणिले खोलीचा वर्ग दोन्हीकडे सारखा असताना. म्हणजे दहा टक्के मातीचे ४.६३ मीटर पाणी हे ५ मीटर स्वच्छ पाण्याला तोलून धरते. म्हणून भिंतीवरची पूररेषा वाचताना ‘पाणी किती उंच चढले’ एवढेच विचारून भागत नाही. ‘कसले पाणी’ हेही विचारावे लागते.

या गणितालाही मर्यादा आहेत, आणि त्या लपवू नयेत. खोलीची सरासरी घेतली की ‘वर हलके, खाली जड’ हा थरांचा फरक पुसला जातो. खाडीतील पाचर अशा सरासरीत दिसतच नाही. तिथे दोन थरांची किंवा त्रिमिती गणिते लागतात. आणि चिखल फार दाट झाला तर तो पाण्यासारखा वाहायचेच सोडतो, ठरावीक जोर बसेपर्यंत हलत नाही.

---

इथवर आलात तर एक प्रश्न मनात आला असेल की हे सगळे आता कशाला?

३० जुलै २०१४, आंबेगाव तालुक्यातील माळीण. पावसाने भिजलेला डोंगर खाली आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. ते पाणी नव्हते नि कोरडी मातीही नव्हती. नेमक्या अशाच मिश्रणासाठी अमेरिकेतील आयव्हर्सन आणि जॉर्ज यांनी त्याच वर्षी एक प्रारूप प्रसिद्ध केले. त्यातही खोलीची सरासरी, आणि त्यातही बदलती घनता. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवऱ्याचे मातीचे धरण फुटले, वीसच्या आसपास माणसे गेली. पानशेतच्या मानाने ते इवलेसे धरण, पण मातीचेच.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला. धरण फुटले तर कोणते गाव किती वेळात बुडेल, याचे नकाशे आता संगणकावर तयार होतात, आणि त्यांच्या पोटात सँ-व्हेनाँचीच समीकरणे असतात. हे नकाशे करताना घनता सहसा एकच धरतात. सोयीचे असते म्हणून, आणि गाळाची माहिती नसते म्हणून.

कोणतेही प्रारूप खरे की खोटे हे ठरते घडून गेलेल्या पुरावर तपासून. इथे गणिताला इतिहासाची गरज पडते. जगभरचे संशोधक धरणफुटीचे प्रारूप तपासायला एक घटना हमखास घेतात. फ्रान्समधील मालपासे, २ डिसेंबर १९५९, ४२३ मृत. पानशेतच्या एकोणीस महिने आधी. ती प्रमाण चाचणी का झाली? आपत्ती मोठी होती म्हणून नव्हे. पाणी कुठवर चढले याच्या खुणांची मोजणी पोलिसांनी करून ठेवली होती. आणि दरीतली विजेची तीन रोहित्रे पाण्याने बंद पडली, त्यांच्या बंद पडण्याच्या वेळा नोंदल्या गेल्या होत्या. पुढे १९६४ मध्ये चारशेव्या भागाची प्रतिकृती करून त्यात भर घातली गेली. उंची अनेकांकडे असते. मालपासेकडे वेळही होती.

पानशेतला हा मान मिळालेला नाही. आपल्याकडे उंची आहे. नदीकाठच्या पेठांतील काही जुन्या इमारतींवर पूररेषा कोरलेली वा रंगवलेली आहे, तारखेसह. पण पेठांमध्ये पुनर्विकास वेगाने चालू आहे. वाडा पडतो, रेषा त्याबरोबर जाते. नवी इमारत उभी राहिल्यावर कोणी ती पुन्हा काढत नाही, आणि काढली तरी तिची उंची अंदाजाने ठरणार. ऐतिहासिक साधन म्हणून मी या रेषेला मोडी कागदाइतकेच मोलाचे मानतो. कागदाला निदान भारत इतिहास संशोधक मंडळाचे कपाट मिळते.

वेळेची साधने तर घरात आहेत. रोजनिशी, नातेवाइकांना पाठवलेले पत्र, दुकानाची वही, शाळेचे हजेरीपुस्तक. ‘साडेबाराला जिना बुडाला’ असे एक वाक्य, मग ते कितीही वाकड्या अक्षरात असो, प्रारूपाच्या दृष्टीने रोहित्राइतकेच बोलके आहे. आठवणीतली वेळ सरकते, हे मौखिक इतिहासाचा कोणताही विद्यार्थी सांगेल. म्हणून त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात लिहिलेले काही असेल तर त्याची किंमत फार मोठी.

आणि चिखल. ओसरल्यावर घरात किती बोटे वा किती हात राड बसली होती, तो वाळूसारखा होता की लोण्यासारखा, धुऊन निघाला की फावड्याने ओढावा लागला. हे तपशील आजवर ‘बायकांच्या आठवणी’ म्हणून बाजूला पडले, कारण घर उपसले ते बहुतेक त्यांनीच. बदलत्या घनतेच्या गणिताला नेमके हेच हवे आहे. कणाच्या जाडीवरून वेगाचा अंदाज येतो आणि थराच्या उंचीवरून गाळाच्या प्रमाणाचा.

म्हणून या धाग्याखाली विनंती अशी. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांत किंवा डेक्कन, एरंडवणे भागात आपल्या घरावर, गल्लीत, देवळाच्या भिंतीवर पूररेषा अजून शाबूत असेल, तर फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा आणि उंची रस्त्यापासून मोजली की जोत्यापासून ते लिहा. रस्ते साठ वर्षांत बरेच चढले आहेत, जोते तेवढे चढत नाही. घरात १९६१ च्या जुलैचे कागद असतील तर त्यातली वेळ आणि जागा एवढेच कळवले तरी चालेल, नावे नकोत. वाडा पाडायला निघाला असेल तर मात्र आधी मोजा.